पॅनकेक डे: दरवर्षी दिसणाऱ्या या चुका टाळा

फेब्रुवारी उजाडला की इंग्लंडमधल्या आपल्या मंडळींचे तेच प्रश्न सुरू होतात. पहिला पॅनकेक तव्याला चिकटला, पिठात गुठळ्या राहिल्या, कडा चामट झाल्या, मुलं म्हणतात शाळेत मिळतो तसा लागत नाही. या बहुतेक तक्रारींचं मूळ घाईत असतं. दर वर्षी फोनवर तीच उत्तरं देण्यापेक्षा आता सगळं एकदा लिहूनच ठेवते.

पहिली चूक कॅलेंडरची. पॅनकेक डे कायम मंगळवारी येतो, पण तारीख दर वर्षी बदलते, कारण तो ईस्टरच्या 47 दिवस आधी मोजतात. 2026 मध्ये तो 17 फेब्रुवारीला, 2027 मध्ये 9 फेब्रुवारीला आणि 2028 मध्ये चक्क 29 फेब्रुवारीला. दुसऱ्या दिवसापासून ख्रिस्ती लोकांचा लेंटचा उपवासकाळ सुरू होतो. त्या काळात पूर्वी अंडी, दूध, लोणी वर्ज्य असायचं, म्हणून घरात असेल ते आदल्या दिवशी संपवायचं, आणि ते संपवायची सोपी वाट म्हणजे पॅनकेक. मुलांनी शाळेतून आल्यावर सांगितलं की मग दुकानाकडे धावायचं, हे करू नका. त्या संध्याकाळी आमच्याकडच्या दुकानात लिंबं मिळत नाहीत. रविवारीच आणून ठेवा.

चुकीचं पीठ

यावर मला सविस्तर बोलायचं आहे.

दुकानात एकाच फळीवर दोन पिशव्या शेजारी शेजारी असतात, प्लेन फ्लावर आणि सेल्फ रेझिंग फ्लावर. नवीन आलेल्या माणसाला वाटतं की दुसरं पीठ जास्त चांगलं, आपोआप फुलणारं. त्यात बेकिंग पावडर मिसळलेली असते. त्याचे जाड, गुबगुबीत अमेरिकन पॅनकेक उत्तम होतात, स्कॉटलंडमधले छोटे ड्रॉप स्कोनही होतात. पण ब्रिटनमध्ये या मंगळवारी जो खातात तो पॅनकेक पातळ असतो. साखर-लिंबू पेरून त्याची गुंडाळी करता आली पाहिजे. त्याला साधा मैदाच, म्हणजे प्लेन फ्लावरच हवा.

एका वर्षी आमच्या मराठी मंडळातल्या मुलांसाठी पॅनकेकचा कार्यक्रम ठेवला होता. एका उत्साही बाबांनी सगळं पीठ घरून भिजवून आणायची जबाबदारी घेतली आणि मोठी बादलीभर मिश्रण घेऊन आले. तव्यावर पहिली पळी पडली आणि ते पसरेचना. मध्येच फुगून बसलं. त्यांनी दूध ओतलं, पुन्हा ओतलं. मिश्रण पातळ झालं, पण आता दुधाच्या मानाने अंडी कमी पडली, त्यामुळे उलटताना तुकडे होऊ लागले. मुलं थाळ्या घेऊन रांगेत उभी, तवा धुरावलेला, आणि त्या बाबांचा चेहरा बघवेना. पिशवी पाहिली तेव्हा उलगडा झाला, सेल्फ रेझिंग! शेवटी एकीला कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवून साधा मैदा आणवला, नवीन पीठ भिजवलं आणि ते मुरेपर्यंत मुलांना बाहेर खेळायला काढलं. जुनं पीठ फेकलं नाही. त्याचे पुरीएवढे छोटे जाड पॅनकेक करून मोठ्यांनी लोणी आणि मध लावून खाल्ले, आणि ते छानच लागले. पण मुलांना हवे होते ते ते नव्हते.

तेव्हा पिशवीवरचं नाव वाचा. चपातीच्या आट्यानेही काम भागवू नका. त्यातला कोंडा पाणी ओढून घेतो, पॅनकेक जड होतो आणि गुंडाळताना मोडतो.

माझं प्रमाण असं: 100 ग्रॅम मैदा, 2 अंडी, 300 मिलिलिटर द्रव, चिमूटभर मीठ, चमचाभर वितळलेलं लोणी. साधारण वीत-सव्वावीत रुंद तव्यावर यात आठ-दहा होतात. द्रव म्हणजे सगळं दूध नाही. मी पाऊण भाग दूध आणि पाव भाग पाणी घेते, त्याने कडा कुरकुरीत होतात. हे माझं डोकं नव्हे. जर्व्हेस मार्कम नावाच्या इंग्रज लेखकाने 1615 साली गृहिणींसाठी लिहिलेल्या पुस्तकातच म्हटलंय की दूध किंवा साय घातली की पॅनकेक चिवट होतो, पाण्याने खुसखुशीत होतो. चारशे वर्षांनंतरही लोक दुधात भर म्हणून क्रीम घालतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

पिठात साखर घालू नका. तव्यावर जळते. साखर वरूनच.

सगळं दूध एकदम ओतलं की गुठळ्या होणारच. मैद्यात खळगा करा, अंडी फोडून घाला, मधून बाहेर फेटत जा, आणि घट्टसर पीठ झालं की मग दूध थोडं थोडं. त्यानंतर अर्धा तास झाकून ठेवा. या अर्ध्या तासावरून माझे सर्वांत जास्त वाद होतात. मुलांना भूक लागलीय, बसून काय राहायचं, असं सगळे म्हणतात. पण त्या वेळात मैद्यातला स्टार्च द्रव शोषून फुगतो आणि फेटताना ताणलेलं ग्लूटेन सैल पडतं. न मुरलेल्या पिठाचा पॅनकेक आखडतो, चावताना दाताला झुंजवतो. मिक्सरमधून काढलेलं पीठ असेल तर मुरवणं आणखी गरजेचं, कारण त्यात फेस भरलेला असतो. भूक लागली असेल तर आधी वरणभात खाऊन घ्या. इथल्या पुष्कळ घरांत त्या दिवशी आधी जेवण आणि मग पॅनकेक असंच असतं.

बाटलीतल्या तयार पिठाबद्दल एकच वाक्य: मैदा, दुधाची पावडर आणि अंड्याची पावडर यांना तुम्ही कितीतरी पट पैसे मोजता, आणि मुलांच्या हाताला फेटायचं काम मिळत नाही ते वेगळंच.

घावनाचा हात

ही चूक फक्त आपल्याच लोकांची आहे, आणि ती करणारे सहसा उत्तम स्वयंपाकी असतात. कोकणातल्या घरात वाढलेल्या बाईचा हात घावनावर तयार झालेला असतो. कडकडीत बिडाचा तवा, पीठ बाहेरून आत ओतत यायचं, वर झाकण, आणि जाळी पडली की काढायचं. माझ्या आजोळी, सिंधुदुर्गात, आजी असंच करायची. चुलीवरचा घावन थेट पानात यायचा, सोबत नारळाचा रस, आणि पुढचा होईपर्यंत आम्ही भावंडं हात चाटत बसायचो. ही सवय घेऊन इथे पॅनकेक करायला उभं राहिलं की तीन गोष्टी बिघडतात.

एक, झाकण. तांदळाच्या पिठाला वाफ लागते, मैदा-अंड्याच्या पातळ थराला लागत नाही. झाकलं की वाफेचं पाणी वर पडतं आणि पॅनकेक लिबलिबीत होतो. झाकण कपाटातच राहू द्या. दोन, ओतण्याची पद्धत. बाहेरून आत ओतलेलं मैद्याचं पीठ जिथे पडतं तिथेच धरतं, मग एकीकडे जाड, एकीकडे भोक. तवा उचलून तिरका धरा, पळीभर पीठ मध्ये टाका आणि लगेच मनगट फिरवून सगळीकडे पसरवा. जास्त झालेलं परत भांड्यात ओता. तीन, जाळीची वाट बघणं. इथे जाळी पडणार नाही. खालच्या बाजूला तपकिरी नक्षी येते, कडा सुटून किंचित वर येतात. अर्ध्या-पाऊण मिनिटात उलटायची वेळ होते, दुसरी बाजू त्याहून कमी.

आणि तव्याला तेल लावायला अर्धा कांदा घेऊ नका. घावनाला, डोशाला तो ठीक. लिंबू-साखरेच्या पॅनकेकला कांद्याचा वास लागला की मुलं पुन्हा हात लावत नाहीत. किचन पेपरची घडी वितळलेल्या लोण्यात बुडवा आणि प्रत्येक पॅनकेकच्या आधी एकदा पुसा. थारोळं नको.

पहिला पॅनकेक बिघडतोच, अशी इथे समजूत आहे. मला ती मान्य नाही. तवा सगळीकडे सारखा तापलेला नसतो आणि लोणी जास्त असतं, म्हणून तो बिघडतो. मध्यम आचेवर तीन-चार मिनिटं तवा तापू द्या. लोण्याचा थेंब टाकल्यावर चुरचुरला पाहिजे, काळा पडता कामा नये. इलेक्ट्रिक शेगडीची कॉइल उशिरा तापते आणि उशिरा निवते, हे ध्यानात ठेवून आच आधीच थोडी खाली आणा.

मंगळवार आणि अंडं

आपल्यातल्या कितीतरी घरांत मंगळवारी अंडं चालत नाही. मग काय करतात, तर तीच कृती घेतात आणि अंडी तेवढी वगळतात, आणि मग पॅनकेक फाटतो म्हणून रडतात. पिठाला धरून ठेवायचं काम अंडंच करत होतं. बिनअंड्याचे करायचे असतील तर मैद्यात दोन चमचे कॉर्नफ्लावर घाला, पीठ जरा दाट ठेवा, पॅनकेक बशीएवढे लहान करा आणि पातळ उलथण्याने उलटा. हवेत उडवू नका. माझ्या ओळखीतल्या काही घरांत सरळ सोमवारी करतात. मला त्यात काहीच गैर वाटत नाही. मुलांना वारापेक्षा तव्याजवळ उभं राहणं महत्त्वाचं असतं.

उडवणं

बकिंगहमशायरमधलं ओल्नी आमच्या मिल्टन कीन्सपासून जवळ आहे. तिथे पॅनकेक डेला बायका ॲप्रन आणि डोक्याला रुमाल बांधून, हातात तवा घेऊन, त्यातला पॅनकेक उडवत 415 यार्ड धावतात. आख्यायिका 1445 सालची आहे: पॅनकेक करणाऱ्या एका गृहिणीला चर्चची घंटा ऐकू आली आणि ती तव्यासकट धावत सुटली. 1950 पासून अमेरिकेतल्या कॅन्सासमधल्या लिबरल गावाशी त्यांची स्पर्धा चालते, दोन्हीकडच्या वेळा ताडून बघतात. हे पाहून आलेली मुलं घरी उडवायचा हट्ट धरतात, आणि धरावाच. पण मोठी माणसं कॅमेरा सुरू करून पॅनकेक सुटायच्या आधीच उडवायला सांगतात, हे मला अजिबात पटत नाही. एका घरी माझ्यासमोर असंच झालं. अर्धा पॅनकेक तव्याला चिकटलेला, अर्धा उडाला, आणि त्याखाली साठलेलं गरम लोणी मुलीच्या मनगटावर आलं. हात 20 मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरला, म्हणून थोडक्यात निभावलं. बर्फ नाही, टूथपेस्ट तर नाहीच.

आधी तवा हलवून बघा. पॅनकेक पूर्ण सुटून सरकला तरच उडवा. तव्यात मोकळं लोणी दिसता कामा नये. तवा पुढे खाली नेऊन मनगटाने हलका झटका द्यायचा, फार उंच नाही. मूल लहान असेल तर आच बंद करून, दोघांनी मिळून मूठ धरायची.

वर काय घालायचं

लिंबू आणि साखर. आधी साखर, मग लिंबू, मग गुंडाळी. उलटं केलं की रस थाळीत ओघळतो. साखर बारीक दाण्याची घ्या. लिंबू ताजं. इथल्या एका पिढीच्या आठवणीत लिंबाच्या आकाराची पिवळी प्लास्टिकची बाटली आहे, तिच्या जाहिरातीत या दिवसाला जिफ लेमन डेच म्हणायचे. ती आठवण गोड आहे हे मला कळतं, पण साल किसून घातलेल्या ताज्या लिंबाची सर त्याला नाही. गोल्डन सिरप, म्हणजे साखरेचा सोनेरी पाक, दुसऱ्या क्रमांकावर. चॉकलेटचा लपका, वर केळं, वर क्रीम, वर रंगीत दाणे, यात पॅनकेक सापडतच नाही. पहिला तरी साधा खाऊ द्या मुलांना.

गूळ-खोबऱ्याला मात्र माझा पूर्ण पाठिंबा. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत याच मंगळवारी, कार्निव्हलच्या शेवटच्या दिवशी, आले बेले करतात. मैदा-अंड्याच्या पातळ पॅनकेकमध्ये ओलं खोबरं, गूळ आणि वेलची. एकच काळजी घ्या. सारण कोरडं होईपर्यंत परता आणि गार झाल्यावरच भरा, नाहीतर गुळाच्या पाण्याने तळ फाटतो.

सगळे पॅनकेक करून थप्पी लावायची आणि मग एकत्र बसायचं, हेही नको. थप्पीत वाफ कोंडते आणि खालचे चामट होतात. तव्यावरून थाळीत, एकेक. करणारी व्यक्ती शेवटी खाते, म्हणून मध्येच जागा बदला. आमच्याकडे मुलं मोठी झाल्यावर त्यांनी मला खुर्चीत बसवून करायला घेतले, आणि लहानपणीचं त्यांना नेमकं काय आठवतं तेही तेव्हाच कळलं: चव नाही, रांगेत कोणाचा नंबर आहे यावरची भांडणं.

उरलेलं पीठ फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत चालतं, वापरताना ढवळून चमचाभर पाणी घाला. उरलेले पॅनकेक मध्ये बेकिंग पेपर घालून फ्रीजरमध्ये ठेवता येतात.

आणि त्या दिवशी डर्बीशायरमधल्या ॲशबर्नचा श्रोव्हटाइड फुटबॉल, म्हणजे लेंटच्या तोंडावर गावभर खेळतात तो फुटबॉल, बघायला जाणार असाल, तर गाडी गावात लावू नका. दोन गोलमध्ये तीन मैलांचं अंतर असतं, खेळ रस्त्यांतून आणि ओढ्यातून जातो, दुकानदार आधीच काचांवर फळ्या ठोकतात. गाडी गावाबाहेर, मुलांच्या पायांत जुने बूट, आणि पॅनकेक घरी परतल्यावर.