गाविलगड पाहायचा तर त्याचे मालक ओळखत पाहा

नागपूरहून पहाटेच निघा. अमरावती, परतवाडा करत गडाजवळचं चिखलदरा गाठेपर्यंत ऊन चढतं. पाणी, डबा सोबत ठेवा. वर काही मिळेल या भरवशावर जाऊ नका.

‘केवढा मोठा आहे बे!’ म्हणून फोटो काढत सुटलात तर हाती काही लागणार नाही. आधी मालक पाठ करा. बहमनी अहमदशहा वलीनं १४२५ मध्ये गड बांधला. मग इमादशाही, १५७४ पासून निजामशाही, नंतर मुघल आणि पुढे आपले नागपूरकर भोसले. मुघलांवर फार वेळ घालवू नका.

दिल्ली दरवाज्यापाशी मात्र ठिय्या मांडा. मोबाइलचा टॉर्च समोरून नको, बाजूनं मारा. कोरीवकाम लगेच उठून दिसतं. दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी सापडेल, त्यानं हत्ती धरलेत! सुलतानी दारावर विजयनगरचं चिन्ह? इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला मूळचा तिकडचाच होता, असा अभ्यासक त्याचा संबंध लावतात. मला तरी ते पटतं.

मग उत्तरेच्या तटाकडे वळा. १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रज याच बाजूनं भगदाड पाडून घुसले, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. भोसल्यांचा वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गेला, पण गाविलगड दुसऱ्या रघुजी भोसल्यांकडेच राहिला. म्हणजे इंग्रजांनी जिंकूनही परत दिला. मालकांच्या यादीत भोसल्यांचं नाव दोनदा लिहा.