पेढीवर रोलेक्स विकायला आलं तर: भाव बोलण्याआधीची तपासणी

नागपुरात इतवारीच्या सराफ्यात असो की धरमपेठेतल्या शोरूममध्ये, मोडीचा दागिना कसोटी किंवा कॅरेटमीटरवर लावल्याशिवाय कोणी भाव बोलत नाही. घड्याळ समोर आलं की मात्र हिरवी पेटी आणि वॉरंटी कार्ड पाहूनच आकडा तोंडातून निघतो. पेटी, कार्ड, बिल हे सगळं सुटं विकत मिळतं. ते बाजूला ठेवा आणि नुसतं घड्याळ हातात घ्या.

नकली घड्याळ खपवणारा माणूस बहुधा दुकान वाढवायच्या वेळी किंवा धनत्रयोदशीच्या गर्दीत येतो. "भाऊ, सोनेगावहून विमान पकडायचं आहे, लवकर सांगा." यावर उत्तर एकच: तपासणीला तासभर लागतो, घाई असेल तर उद्या या. खरा मालक कुरकुरतो, पण थांबतो.

सुरुवात रोजच्या 10 पटीच्या भिंगाने. तारखेवरची काच आकडा अडीच पट मोठा दाखवते. नकलेत तो बरेचदा दीड पटीच्या आसपासच दिसतो, नाहीतर एका बाजूला सरकलेला असतो. डायलवरची छपाई भिंगाखाली स्वच्छ कडांची हवी. अक्षरांच्या कडा फुगलेल्या किंवा तुटक दिसल्या की पुढचा वेळ वाया घालवू नका. अलीकडच्या मॉडेलांत काचेखालच्या आतल्या कड्यावर ROLEX ही अक्षरं गोल कोरलेली असतात आणि 6 च्या जागी सीरियल नंबर असतो. तो कार्डाशी अंकन्‌अंक जुळवा. जुळला म्हणून मात्र घड्याळ खरं ठरत नाही, कारण खऱ्या घड्याळाचा एकच नंबर अनेक नकलांवर छापला जातो. मागून यंत्र दिसणारी काच असलेलं सबमरिनर (रोलेक्सचं पाणबुड्यांचं मॉडेल) आलं तर ते तिथेच परत करा. रोलेक्स तसं बनवत नाही.

डेटोना, म्हणजे रोलेक्सचं स्टॉपवॉचचं मॉडेल, असेल तर एक सोपी खूण आहे. मधला लांब काटा स्टॉपवॉचचा, तो बटण दाबल्याशिवाय हलत नाही. चालू सेकंद छोट्या तबकडीत फिरतो. स्वस्त नकलेत मधला काटाच सतत फिरत असतो.

आपल्याकडे रोलेक्सपेक्षा आखातातून आलेली राडो जास्त दिसतात. ऑटोमॅटिक राडोच्या डायलवरचा छोटा नांगर घड्याळ तिरपं केलं की मोकळा डोलतो. चिकटवलेला नांगर दिसला तर घड्याळ परत द्या.

धातूसाठी एक्सआरएफ मशीन, म्हणजे क्ष-किरणांनी धातूचं प्रमाण सांगणारं कॅरेटमीटर, आहेच. पण त्याची किरणं सोन्यात काही मायक्रॉनच आत जातात, म्हणून एका जागी लावून थांबू नका: मागचं झाकण, पट्ट्याची मधली कडी, क्लास्पची (पट्ट्याच्या कुलपाची) आतली घासलेली कड, अशा तीन-चार जागा घ्या. आजचं सोन्याचं रोलेक्स 18 कॅरेटचं असतं, म्हणजे आकडा 75 टक्क्यांच्या आसपास यायला हवा. वरच्या थरात सोनं 95 टक्के आणि घासलेल्या कडेवर तांबं-जस्त असं दिसलं तर तो मुलामा. सोन्याच्या घड्याळांना हॉलमार्क सक्तीचा नाही. एचयूआयडी (हॉलमार्कचा ओळख क्रमांक) नाही म्हणून घड्याळ खोटं ठरवू नका. स्टीलचं मॉडेल असेल तर मशीन मिश्रधातूच्या मोडवर घ्या. गेल्या वीसेक वर्षांतली स्टीलची रोलेक्स 904L या स्टीलची असतात. त्यात निकेल 23 ते 28 टक्के आणि मॉलिब्डेनम 4 ते 5 टक्के असतं. साध्या 316L मध्ये निकेल 10 ते 14 आणि मॉलिब्डेनम 2 ते 3. नव्या मॉडेलात 316L निघालं तर विषय संपला. उलट 904L निघालं तर अजून काहीच सिद्ध झालेलं नाही, चांगल्या नकलाही आता त्याच स्टीलच्या येतात.

पुढे टाइमग्राफर, म्हणजे घड्याळाचे ठोके ऐकून मोजणारं यंत्र. आजची बहुतेक रोलेक्स तासाला 28,800 ठोके देतात. आजच्या मॉडेलात 21,600 दाखवलं तर आत स्वस्त यंत्र आहे. अॅम्प्लिट्यूड (आतल्या तोलचाकाच्या झोक्याचा कोन) कमी आलं म्हणून नकली म्हणू नका, वर्षानुवर्षं सर्व्हिस न झालेल्या खऱ्या घड्याळाचंही ते घसरतं. शेवटची पायरी झाकण उघडण्याची, आणि ती मालकाची लेखी संमती घेऊन, जाणत्या कारागिराकडूनच. झाकणाच्या कडेच्या दात्यांना नेमक्या बसणाऱ्या डायशिवाय (साच्याशिवाय) चिमट्याने झाकण फिरवलं तर ओरखडे तुमच्या माथी. उघडल्यावर गॅस्केट (पाणी अडवणारं रबरी कडं) बदलून पाण्याची चाचणी करून घ्यावी लागते, तो खर्च कोणाचा हे आधीच ठरवा.

सगळ्यात जास्त फसगत यंत्रांच्या नव्हे, हातांच्या खेळात होते. पहिल्यांदा खरं घड्याळ दाखवतात, तुम्ही ते तपासता, भाव ठरतो. मग "बायकोला विचारून येतो" किंवा "कार्ड गाडीत राहिलं" म्हणून गिऱ्हाईक घड्याळ मनगटावर चढवून बाहेर पडतं आणि दहा मिनिटांनी जुळी नक्कल ट्रेमध्ये ठेवतं. म्हणून तपासताना सीरियल आणि एखाद्या ओरखड्याचा फोटो काढा. घड्याळ काउंटरवरून उठलं की मागची तपासणी रद्द. पुन्हा भिंग, पुन्हा टाइमग्राफर. नवखा नोकर गल्ल्यावर असेल तर हे त्याला लिहूनच द्या.

पैसे रोख देऊ नका. आधार-पॅनची प्रत घ्या, पॅनवरचं नाव आणि बँक खात्याचं नाव एकच हवं. "भावाच्या खात्यात टाका" म्हटलं की व्यवहार थांबवा. खरं निघालेलं घड्याळही चोरीचं असू शकतं, आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे. म्हणून सीरियल द वॉच रजिस्टरसारख्या चोरीच्या नोंदींत शोधा.

नकली निघालं तर गिऱ्हाइकांसमोर "चोर" म्हणू नका, शटर ओढून माणसाला कोंडून ठेवू नका. "आम्हाला खात्री देता येत नाही" एवढंच म्हणा, घड्याळ त्याच्या हातात द्या, 112 लावा. सीसीटीव्हीचं फुटेज त्याच दिवशी वेगळं साठवा. अनेक डीव्हीआर (फुटेज साठवणारी यंत्रं) काही दिवसांत जुनं पुसून टाकतात. पैसे गेले असतील तर आधी बँकेला कळवून रक्कम गोठवायला सांगा, आणि कलम 318(4) खाली फसवणुकीची तक्रार द्या. तक्रारीसोबत फोटो, सीरियल, ओळखपत्राची प्रत आणि मशीनचे प्रिंट जोडा.