मिक्सरला घाबरणारा वाघ्या

मालवणजवळच्या आमच्या घरात माशांच्या कालवणासाठी रोज ओल्या खोबऱ्याचे वाटप होते आणि मिक्सर सुरू झाला की आमचा गावठी कुत्रा वाघ्या शेपूट पायांत घालून पडवीतल्या बाकाखाली दडत असे. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे ऐकू येते, तर कुत्र्याला सुमारे ४५ हजारांपर्यंतचे. त्यामुळे मोटारीतला जो तीक्ष्ण सूर आपल्याला जाणवतही नाही, तो त्याला छळत असण्याची शक्यता असते.

त्याची ही भीती घालवण्यासाठी प्रथम मी बंद मिक्सर पडवीत ठेवून त्याच्या शेजारी उकडलेल्या बांगड्याचे काटे काढलेले तुकडे ठेवले (सुकी मासळी खारट, म्हणून ती टाळली). तो भांडे निर्धास्तपणे हुंगू लागल्यावर मोबाइलवर टिपलेला मिक्सरचा आवाज अगदी हळू लावला आणि तो चालू असेपर्यंतच खाऊ दिला. आधी आवाज आणि मग खाऊ, हा क्रम मोडू नये. उलट केल्यास खाऊ दिसताच कुत्रा धास्तावतो. आवाज वाढवताना त्याने कान मागे पाडले, ओठांवरून जीभ फिरवली किंवा मासा नाकारला, की मी लगेच आवाज कमी करत असे.

त्यानंतर खरा मिक्सर माजघराच्या बंद दाराआड क्षणभर फिरवला आणि अंतर हळूहळू कमी केले. या काळात आईने वाटप पाट्यावर केले, कारण मध्येच पूर्ण आवाज कानी पडला तर कमावलेले वाया जाते. तिची कुरकुर झाली. कालवण मात्र अधिक चविष्ट होत असे.

आता मिक्सर लागताच वाघ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसतो. विहिरीवरच्या पंपासाठी हाच क्रम नव्याने सुरू केला आहे.