सुट्ट्या पैशांसाठी वणवण? आधी या चुका टाळा

सकाळी दुकान उघडलं की पहिलंच गिऱ्हाईक तेवीस रुपयांच्या पोह्यांना शंभराची नोट काढतं. सांगलीच्या गणपती पेठेत गल्ल्यावर बसणाऱ्या कुणालाही विचारा. गल्ल्यात बंदे रुपये नसले की भवानीच खोळंबते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दहाचं नाणं परत करणं. "हे चालत नाही" म्हणून आपणच नाणी हाकलतो आणि मग चिल्लर नाही म्हणून रडतो. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी 2018 मध्येच सांगितलंय, दहाच्या नाण्याचे तोवर 14 नमुने निघाले होते आणि सगळे वैध आहेत. ₹ चिन्ह नसलेलं नाणं खोटं नसतं. ते चिन्ह येण्याआधीचं असतं. कुणी वाद घातला तर रिझर्व्ह बँकेचं हे म्हणणं ऐकवा. वीसचं बारा कोनांचं नाणंही बिनधास्त घ्या.

दुसरी चूक, बट्टा देऊन चिल्लर विकत घेणं. शंभराला पाच रुपये सोडले तर पोह्यांवरचा नफाच गेला! त्यापेक्षा ज्यांच्याकडे नाणी साचतात त्यांना गाठा. मंडईतल्या भाजीवाल्या मावशी, चहाची टपरी, पिठाची गिरणी, गल्लीतल्या देवळाची दानपेटी. त्यांनाही नोटा हव्याच असतात. माझ्याकडे एक मावशी दुपारी रुमालाची गाठ सोडतात, आम्ही दोघं मिळून मोजतो, आणि त्या पन्नासच्या नोटा घेऊन जातात.

बँकेत एक तारखेच्या गर्दीत जाऊ नका. जायच्या आदल्या दिवशी कॅशियरना सांगून ठेवा, पाचची किती, दोनची किती. नाणी देणं-घेणं हे शाखेचं कामच आहे. टाळाटाळ झाली तर लेखी तक्रार द्या. 30 दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

आणि वजनावर मोजताना नाणी मिसळू नका. 2011 च्या मालिकेतला रुपया 3.79 ग्रॅमचा, त्याआधीचा मोठा स्टीलचा 4.85 चा. म्हणजे शंभर नाणी एकीकडे 379 ग्रॅम, दुसरीकडे 485. मिसळली की हिशेब चुकलाच. लहान-मोठी वेगळी करा, शंभर-शंभरच्या पिशव्या बांधा, मगच काट्यावर ठेवा.