दर्जाचे निकष प्रश्नांच्या रूपात लिहावेत
एखाद्या मालिकेच्या चाहत्यांनी चालवलेल्या विकीवर (सगळ्यांनी मिळून लिहिलेल्या ऑनलाइन ज्ञानकोशावर) ‘लेख सविस्तर असावा’ असा निकष लिहिला, की प्रत्येक संपादक त्याचा वेगळा अर्थ लावतो आणि चर्चापानावर तोच वाद पुन्हा सुरू होतो. त्याऐवजी ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर देता येईल असा प्रश्न लिहावा. उदाहरणार्थ, ‘पात्र प्रथम कोणत्या भागात दिसते, हे पहिल्याच परिच्छेदात संदर्भासह दिले आहे का?’ नंतर एक उत्तम आणि एक अपुरा लेख दोन संपादकांनी स्वतंत्रपणे या प्रश्नांवर तपासावा, आणि जिथे त्यांची उत्तरे जुळणार नाहीत तो प्रश्न नव्याने लिहावा. ही पायरी कधीही गाळू नये. किमान शब्दसंख्येची अट मात्र घालू नये, कारण तिच्यामुळे कथानकाचा पाल्हाळ वाढतो आणि किरकोळ पात्रांवरचे छोटे पण परिपूर्ण लेख विनाकारण नापास ठरतात.