फिरस्त्या बेसबॉलपटूची कारकीर्द कशी वाचावी

एखाद्या बेसबॉलपटूच्या नावापुढे दहा-बारा संघांची यादी दिसली की हा खेळाडू कोठेच टिकला नाही, असा वाचणाऱ्याचा पहिला समज होतो. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये, म्हणजे तेथील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेत, अशा फिरस्त्या खेळाडूला ‘जर्नीमन’ म्हणतात, आणि त्याची कारकीर्द समजून घ्यायची असेल तर हा समज आधी बाजूला ठेवावा लागतो. एका संघाने त्याला सोडले हे जितके खरे, तितकेच दुसऱ्याने त्याला घेतले हेही खरे असते. म्हणून संघांची संख्या मोजण्याऐवजी प्रत्येक बदल कोणत्या मार्गाने झाला, ते पाहावे.

त्यासाठी आकडेवारी उघडण्यापूर्वी खेळाडूच्या ट्रान्झॅक्शन्सची, म्हणजे संघबदल आणि वर-खाली होण्याच्या अधिकृत नोंदींची, यादी तारखांसह समोर घ्यावी. तीतील शब्दांना नियमांनी ठरवून दिलेले अर्थ आहेत. मेजर लीगच्या प्रत्येक संघाचे 40 जणांचे रोस्टर, म्हणजे खेळाडूंची अधिकृत यादी, असते आणि सामन्यांसाठी त्यातील 26 जण उपलब्ध असतात. या 40 पैकी एखाद्याला मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या पातळीच्या लीगमध्ये, पाठवले की ‘ऑप्शन्ड’ अशी नोंद होते, परत बोलावले की ‘रिकॉल्ड’ अशी. ‘सिलेक्टेड’ या नोंदीचा अर्थ वेगळा आहे: तो खेळाडू 40 जणांच्या बाहेर होता आणि आता आत आला. रोस्टर भरलेले असल्यास त्याच्यासाठी दुसऱ्या कोणाला तरी बाहेर पडावे लागते, त्यामुळे त्याच दिवशीच्या बाकीच्या नोंदीही पाहाव्यात.

यानंतर ऑप्शनचे हंगाम मोजावेत. साधारणपणे तीनच हंगामांत खेळाडूला अशा रीतीने खाली पाठवता येते. एका हंगामात त्याच्या अनेक फेऱ्या झाल्या तरी ऑप्शन एकच खर्च होतो. 2022 पासून मात्र एका हंगामात पाचपेक्षा जास्त वेळा पाठवता येत नाही. माझ्या मते फिरस्त्या खेळाडूच्या कारकिर्दीतील खरे वळण हे तीन ऑप्शन संपण्याचे आहे. त्यानंतर संघाला तो नको असेल तर ‘डेझिग्नेटेड फॉर असाइनमेंट’, म्हणजे डीएफए, हा मार्ग उरतो. खेळाडू 40 जणांमधून तत्काळ बाहेर पडतो आणि सात दिवसांत त्याची अदलाबदल करणे, त्याला वेव्हरवर ठेवणे किंवा करारमुक्त करणे संघाला भाग पडते. वेव्हरवर उरलेल्या 29 संघांपैकी कोणीही त्याच्यावर दावा करू शकतो. कोणीच केला नाही तर त्याला मायनर लीगमध्ये ‘आउटराइट’ करता येते. पण पूर्वी एकदा असे झालेला किंवा तीन वर्षांचा सेवाकाल (मेजर लीगमध्ये काढलेला काळ) पूर्ण केलेला खेळाडू ते नाकारून फ्री एजंट, म्हणजे कोणत्याही संघाशी करार करण्यास मोकळा, होऊ शकतो. वर्षभरात तीन संघांची नावे दिसली, तर त्यामागे बहुधा हीच साखळी असते.

सेवाकालाचा आकडा वाचताना अनेकांची चूक होते. तो 2.171 असा लिहिलेला असेल तर बिंदूनंतरचे अंक दिवसांचे असतात, दशांशाचे नव्हेत. 172 दिवसांचे एक वर्ष धरतात, म्हणजे या खेळाडूची तीन वर्षे पूर्ण होण्यास एकच दिवस कमी आहे. सर्वसाधारणपणे तीन वर्षांनी पगारासाठी लवादाकडे जाण्याचा आणि सहा वर्षांनी फ्री एजंट होण्याचा हक्क मिळतो, तर निवृत्तिवेतनाची किमान पात्रता 43 दिवसांची आहे. वर-खाली होणाऱ्या खेळाडूच्या दृष्टीने एकेक दिवस किती मोलाचा असतो, हे पैशांत मोजता येते. 2025 मध्ये मेजर लीगचा किमान वार्षिक पगार 7,60,000 डॉलर होता, म्हणजे हंगामाच्या दर दिवसाला सुमारे 4,000 डॉलर. 40 जणांच्या बाहेर असलेल्या ट्रिपल-ए (मायनर लीगची सर्वांत वरची पातळी) खेळाडूसाठी 2023 च्या करारात ठरलेले किमान वेतन वर्षाला 35,800 डॉलर होते. वर काढलेले नऊ दिवस आणि खाली घालवलेले एक वर्ष यांची मिळकत जवळपास सारखी भरते.

आता ही रीत एडविन जॅक्सन या पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूला, लावून पाहू. 9 सप्टेंबर 2003 रोजी, विसाव्या वाढदिवशी, त्याने डॉजर्सकडून पदार्पण केले आणि रँडी जॉन्सन या नामवंत पिचरविरुद्धचा तो सामना जिंकला. 15 मे 2019 रोजी टोरांटोकडून खेळून त्याने 14 वेगवेगळ्या संघांचा विक्रम केला. आधीचा विक्रम ऑक्टाव्हिओ डोटेलचा, 13 संघांचा होता. केवळ 107 विजय आणि 133 पराभव पाहिले तर चित्र उदास वाटते. नोंदी वाचल्या की ते बदलते. 2009 मध्ये डेट्रॉइटकडून तो ऑल-स्टार (निवडक उत्तम खेळाडूंच्या वार्षिक सामन्यासाठी निवडलेला) होता आणि त्याच डिसेंबरमध्ये तीन संघांच्या अदलाबदलीत ॲरिझोनाला गेला. तेथे 25 जून 2010 रोजी त्याने 149 चेंडू टाकून, आठ वॉक (फलंदाजाला फुकट मिळणारा पहिला बेस) देऊनही, नो-हिटर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला एकही हिट न देता सामना, पूर्ण केला. जुलै 2011 मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सने त्याला टोरांटोकडे दिले आणि टोरांटोने त्याच दिवशी सेंट लुइसकडे. त्या वर्षी सेंट लुइसने वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम मालिका, जिंकली. म्हणजे पहिल्या दशकातील बरेचसे बदल त्याला मागणी होती म्हणून झाले.

उतार दिसतो तो शिकागो कब्जबरोबरच्या चार वर्षांच्या 5.2 कोटी डॉलरच्या करारानंतर. 2013 मध्ये त्याच्या नावावर 18 पराभव लागले आणि जुलै 2015 मध्ये संघाने त्याला सोडले. येथे एक बारकावा लक्षात ठेवावा: करारमुक्त खेळाडूचा उरलेला हमीचा पगार जुना संघच देतो आणि नव्या संघाला केवळ किमान पगाराचा भार पडतो. अशा खेळाडूला नवे दार लवकर उघडण्यामागे हा हिशेबही असतो.

शेवटी, नोंदींमधील मोकळ्या जागांवर बोट ठेवावे. तेथे बहुधा दुखापत, स्वतंत्र लीग किंवा परदेश असतो. रिच हिल 2015 मध्ये, 35 व्या वर्षी, लाँग आयलंड डक्स या स्वतंत्र लीगमधील संघाकडून खेळत होता. त्याच सप्टेंबरमध्ये बॉस्टनने त्याला चार सामन्यांत सुरुवातीचा पिचर म्हणून उतरवले, त्याने 29 इनिंग्जमध्ये 36 जणांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले आणि पुढच्या वर्षअखेर डॉजर्सने त्याच्याशी तीन वर्षांसाठी 4.8 कोटी डॉलरचा करार केला. 2025 मध्ये कॅन्सस सिटीकडून खेळून त्याने जॅक्सनच्या 14 संघांशी बरोबरी केली. एरिक थेम्सच्या मेजर लीगच्या तक्त्यात 2014 ते 2016 कोरेच आहे. ती वर्षे त्याने कोरियात काढली, 2015 मध्ये तेथे 47 होमरन आणि 40 स्टील्स (धावून पुढचा बेस पळवणे) करून सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मिळवला आणि 2017 मध्ये मिलवॉकीकडून तो परतला. त्यामुळे मायनर, स्वतंत्र आणि परदेशी लीगचे तक्ते मुख्य तक्त्याशेजारी ठेवून, वर्षाला वर्ष जुळवूनच वाचावेत.