गुडघेदुखीसाठी पीईएमएफ: कॉइल कुठे धरायची, किती वेळ

ऊसतोड असो की कापूस वेचणी, हंगाम सरता सरता गुडघे ठणकायला लागतात. पीईएमएफ (पल्स्ड इलेक्ट्रोमॅग्नेटिक फील्ड) यंत्रात तांब्याच्या कॉइलमधून थांबून-थांबून वीज सोडतात, त्यातून स्पंदणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. न जुळणाऱ्या हाडांसाठी अमेरिकेत १९७९ मध्ये याला मान्यता मिळाली. गुडघ्याच्या झिजेत काहींचा ठणका कमी होतो, पण झिजलेली कूर्चा (हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी) यानं भरून येत नाही. तसं कुणी सांगून यंत्र विकत असेल तर घेऊ नका.

पेसमेकर, कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशन करून कानात बसवलेलं ऐकण्याचं यंत्र) किंवा इन्सुलिन पंप असलेल्यांनी यंत्राजवळही बसू नये. गरोदरपण, फिट, कर्करोग, रक्तस्राव यांतही नको. पायात रॉड किंवा प्लेट असेल तर ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना आधी विचारा.

सगळ्यात जास्त चूक होते ती जागेत. गुडघा थोडा वाकवा, वाटीच्या खाली दोन्ही बाजूंना बोटाला खळगा लागतो. सांधा तिथे आहे. गोल कॉइल असेल तर तिचा मध्य दोन्ही खळगे जोडणाऱ्या रेषेवर यावा, चपटी असेल तर खळग्यावर टेकवा. कपड्यावरून चालतं, जेल लागत नाही. मात्र अंतर वाढलं की क्षेत्र झपाट्यानं घटतं, म्हणून मध्ये उशी किंवा जाड गोधडी नको. लोखंडी पलंगही टाळा, लोखंड क्षेत्र स्वतःकडे ओढतं. सतरंजी टाकून खाली बसा, नाहीतर लाकडी बाज घ्या. मोबाइल, घड्याळ, एटीएम कार्ड लांब ठेवा.

पहिले तीन दिवस सगळ्यात कमी तीव्रतेवर १० मिनिटं, मग पुस्तिकेत दिल्याप्रमाणे २० ते ३० मिनिटं. काहीच जाणवलं नाही म्हणून तीव्रता वाढवू नका, या क्षेत्राची जाणीव बहुधा होतच नाही. शंका असेल तर १० हर्ट्झच्या (सेकंदाला १० स्पंदनं) आसपास लावून कॉइलजवळ छोटं होकायंत्र धरा. सुई थरथरली तर कॉइल चालू आहे. दिवा लागतो पण सुई हलत नाही, तेव्हा बहुतेक वेळा कॉइलची वायर जोडाजवळ तुटलेली असते.

लोडशेडिंगमध्ये स्वस्त इन्व्हर्टरवर अडॅप्टर गुणगुणून तापत असेल तर बंद करा, वीज आल्यावर बसा. दुखणं उतरलं की लगेच मांडीचे व्यायाम करा, खरा आधार त्या स्नायूंचा.

रोज झोपताना दुखणं ० ते १० मध्ये वहीत लिहा. चार आठवड्यांत आकडा दोननं तरी उतरला नाही तर थांबा. गुडघा लाल होऊन सुजला, ताप आला, तर चार आठवड्यांची वाट बघू नका. त्याच दिवशी घाटीत (छत्रपती संभाजीनगरचं सरकारी रुग्णालय) किंवा जिल्हा रुग्णालयात दाखवा.